बाईच्या रक्तात मी जे वाचलं

माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटाचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं नाही, त्याला कारण मी होतो. आमच्या घरात ही गोष्ट तिघांनाच माहीत आहे: तिला, माझ्या भाऊजींना आणि मला. बाई आता बरी आहे, मग कशाला उकरायचं, असं भाऊजी म्हणतात. पण मी सत्तावीस वर्षं अकोल्यात लोकांचं रक्त तपासतो आहे. माझ्या टेबलासमोर रोज कुणी ना कुणी रिपोर्टचा कागद धरून उभं असतं आणि कागदापेक्षा माझ्या तोंडाकडे जास्त पाहतं. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी माझ्यासारखा शहाणा माणूस असेल, तर त्यानं हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिला वलगावला दिली. अमरावतीला मी लॅबचा डिप्लोमा केला ती दोन वर्षं तिच्याच घरी राहिलो. सकाळच्या एसटीआधी ती माझ्यापुढे गरम भाकरी ठेवायची आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहायची. शिरेत सुई घालायला मी शिकलो तो तिच्याच हातावर. पहिल्या दिवशी तीनदा चुकलो. तिनं हात मागं घेतला नाही. "टोच," म्हणाली, "गाईले इंजेक्शन देनारा काय लय शिकेल असते?"

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तिचं जेवण कमी झालं. पण श्रावणात आमच्याकडे बाईमाणसाचं जेवण कुणी पाहत नाही. सोमवार, शनिवार, एकादशी, तिचे उपास ठरलेले. चार घासांत तिचं पोट भरू लागलं होतं, ते त्या उपासांच्या आड झाकून गेलं. महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी घरात सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, सगळं होतं. बार्शीटाकळीहून आलेल्या तिच्या लेकीनं पाहिलं, की आईनं पोळीचे तुकडे केले, ते पानात इकडचे तिकडे फिरवले आणि उठली. लेकीनं मला फोन केला. मी जाऊन रक्त काढलं. हिमोग्लोबिन सात निघालं. त्या वेळी तरी मी शहाणपणा केला नाही. सरळ अमरावतीला पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी दुर्बीण घातली, तुकडा काढला आणि आठ दिवसांनी कळलं. जठराचा कॅन्सर.

ज्यांच्याकडे आम्हाला पाठवलं त्या कॅन्सरच्या सर्जन होत्या. चाळिशीच्या, बोलायला सावकाश. सगळे त्यांना मॅडम म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. आधी किमोची तीन इंजेक्शनं, दर तीन आठवड्यांनी एक, मग स्कॅन, मग ऑपरेशन, आणि नंतर पुन्हा काही इंजेक्शनं, असा बेत त्यांनी कागदावर काढून दाखवला. बाईनं एकच विचारलं, पोट किती काढणार. बरंचसं, असं मॅडम म्हणाल्या.

"मंग मी खाऊ कायमधी?"

मॅडम हसल्या आणि आतडं वर ओढून कसं जोडतात ते त्यांनी तिला चित्र काढून सांगितलं. बाईनं ते चित्र घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं.

मी मात्र त्या दिवसांत रात्रंदिवस मोबाइलवर वाचायला लागलो होतो. वाचता वाचता माझ्याच धंद्यातली एक गोष्ट सापडली. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये दोन जाती संख्येनं जास्त असतात. न्यूट्रोफिल या आधी धावणाऱ्या. कुठं जखम झाली, पू झाला, की शेताला आग लागल्यावर गाव बादल्या घेऊन पळतो तशा त्या पळतात. लिम्फोसाइट या सावकाश, पण ओळख ठेवणाऱ्या. कॅन्सरच्या पेशींवर नजर ठेवण्याचं कामही बरंचसं त्यांच्याकडे. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्यानं भागायचं. जठराच्या ज्या रुग्णांत उपचाराआधी हा भागाकार मोठा येतो, त्यांचं पुढं तितकंसं चांगलं जात नाही, असं ठिकठिकाणी दिसून आलं आहे. प्लेटलेट धरूनही असाच एक भागाकार करतात. म्हणजे ज्यासाठी मोठी यंत्रं लागत असतील असं मी समजत होतो, ते भविष्य मी रोज छापून देत असलेल्या साध्या सीबीसीच्या, म्हणजे पेशींच्या मोजणीच्या, कागदावरच होतं.

हे वाचून मला आनंद झाला. ही कबुली सगळ्यात आधी द्यायला हवी. बहिणीला कॅन्सर झालेला असताना मला आनंद झाला, कारण तिच्या घरात मी कायम धाकटा, तिच्या हातचं खाऊन शिकलेला. आता पहिल्यांदाच मला असं काही माहीत होतं, जे तिथं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

मॅडमच्या दवाखान्यात दर इंजेक्शनाआधी रक्त तपासत होतेच. तरी मी दर दुसऱ्या रविवारी अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरून वलगाव गाठायचो, बाईचं रक्त काढायचो, नळी बर्फाच्या डब्यात ठेवून परत यायचो आणि लॅब बंद असताना एकटाच मशीन लावायचो. भागाकार कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून ठेवायचो. पहिल्यांदा तो तीनच्या थोडा वर होता. दुसऱ्या इंजेक्शनानंतर दोनवर आला. मी भाऊजींना फोन करून सांगितलं, रक्त चांगलं आहे. त्या रात्री म्हणे ते दोन भाकरी जास्त जेवले. मॅडमला यातलं काही सांगितलं नाही. विचारायचं कशाला, मला कळत होतं की. हळूहळू वलगावच्या घरात माझ्या आकड्याला मॅडमच्या शब्दाइतकी किंमत आली, आणि मी ती येऊ दिली.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर स्कॅन झाला. गाठ आकसली होती. मॅडमनी संक्रांतीनंतर आठ दिवसांची तारीख दिली. बाई खूश होती. संक्रांतीचं वाण वाटून होऊ द्या, मग खुशाल फाडा माझं पोट, असं तिनं मॅडमना सांगून टाकलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती खाटेवर मांडी घालून, पायांवर शाल घेऊन बसली होती. थंडीच होती, मला काही वाटलं नाही. तिनं हात पुढं केला, मी रक्त काढलं, चहा घेतला आणि चारच्या गाडीनं निघालो.

त्या संध्याकाळी भागाकार नवाच्या वर आला.

मशीन कधी कधी चुकतं. म्हणून काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि शंभर पेशी हातानं मोजल्या. मग दुसरी पट्टी, पुन्हा शंभर. तेच. त्या न्यूट्रोफिलमध्ये जाडसर जांभळे दाणे दिसत होते, आणि अर्धवट वाढलेल्या कोवळ्या पेशीही हाडातल्या मगजातून बाहेर पडलेल्या होत्या. लॅबमध्ये नवीन लागलेल्या मुलींना मी पहिल्या महिन्यात हे दाणे ओळखायला शिकवतो. असे दाणे म्हणजे अंगात कुठंतरी पू आहे, पेशंटला नीट विचारा, डॉक्टरांना कळवा. परक्या माणसाची पट्टी असती तर मी तेच लिहिलं असतं. बाईची होती, म्हणून मला त्यात फक्त कॅन्सर दिसला. मी दोन महिने एकाच आकड्याची वाट पाहत होतो. तो आल्यावर दुसरं काही दिसायला डोळे राहिलेच नव्हते. शिवाय मी वाचलेला आकडा उपचाराआधीच्या रक्ताचा असतो आणि मी मधल्या रक्ताचा काढून राहिलो होतो, हेही मी सोयीनं विसरलो.

मंगळवारी मी वलगावला गेलो तो घरी न जाता थेट शेतात. भाऊजी तुरीच्या पेंढ्यांपाशी होते. पायाखाली कापलेल्या तुरीचे खुंट, जपून चालावं लागत होतं. त्यांना मी बांधावर बसवलं आणि रक्त फिरलं आहे असं सांगितलं. हे ऑपरेशन फार मोठं असतं, एवढं करून माणूस वाचत नसेल तर तिला त्या हालांत कशाला घालायचं, जे दिवस आहेत ते घरी सुखानं जाऊ द्या, असं सगळं मी बोललो. मला रडू आलं होतं, त्यामुळे ते आणखी खरं वाटलं असणार.

भाऊजी कमी बोलणारे. त्यांनी तुरीची एक शेंग फोडून दाणे हातावर घोळवले.

"मॅडम काय म्हनते?"

"मॅडमले पोट दिसते, भाऊजी. रक्त मी पाह्यतो."

"मंग तूच सांग. मले त्यातलं काय समजते."

'रक्त मी पाह्यतो' हे माझं वाक्य मी कितीदा मनात ऐकलं असेल याला गणती नाही. लॅबमध्ये रिपोर्ट हातात देताना मी हजारो लोकांना एकच सांगत आलो, डॉक्टरांना दाखवा, मी यावर बोलू शकत नाही. परक्यांना पाळलेला नियम मी सख्ख्या बहिणीला पाळला नाही.

भाऊजींनी दवाखान्यात फोन करून घरी कार्य निघाल्याचं सांगितलं. बाईला सांगितलं, मॅडम बाहेरगावी गेल्या, आल्यावर कळवतील. तिनं दोनदा विचारलं, कुठं गेल्या, कधी येणार. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी वलगावला गेलो नाही. लॅबचं काम सांगत राहिलो. गेलो असतो, पुन्हा रक्त काढलं असतं, शेजारी बसून चार गोष्टी विचारल्या असत्या, तर तेव्हाच उलगडा झाला असता. पण मला तिच्या तोंडाकडे पाहायचं नव्हतं. एका रविवारी तिचाच फोन आला.

"काहून रे, रक्त घ्याले नाही आला? माह्या अंगातलं आटलं असं वाटलं का तुले?"

मी हसल्यासारखं केलं. पुढच्या रविवारी येतो म्हणालो.

पुढचा रविवार उजाडायच्या आधी मॅडमचा फोन आला. दवाखान्याच्या फॉर्मवर भाऊजींच्या खाली माझा नंबर होता. कार्य अजून संपलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मला खोटं पुढं रेटता आलं नाही. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचं गुणोत्तर वाढलं म्हणून आम्हीच थांबवलं, असं मी सांगून टाकलं. मग त्या म्हणाल्या, काचपट्टी असेल तर घेऊन या, आजच.

मी दुपारी अमरावतीला पोचलो. त्यांनी पट्टी पाहिली नाही. ती शेजारच्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवली आणि मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताप होता का? खोकला? दात दुखतो का? लघवीला जळजळ? कुठं जखम? प्रत्येकाला माझं उत्तर एकच होतं, माहीत नाही.

"तुम्ही त्यांच्याच घरी जाऊन रक्त काढलंत ना?"

"हो."

"मग तुम्ही रक्त पाहिलंत. पेशंट पाहिलाच नाही."

त्या रागावल्या नव्हत्या, तेच मला जड गेलं. हे गुणोत्तर मीही पाहते, त्या म्हणाल्या, पण आणखी दहा गोष्टींच्या सोबत. शेकडो माणसं एका रांगेत उभी केली तर या आकड्यावरून साधारण कळतं, कुठल्या टोकाला त्रास जास्त. तुमची बहीण त्या रांगेत नेमकी कुठं उभी आहे, ते हा आकडा सांगत नाही. अंगात पू असेल तर त्या दिवशीच्या आकड्याला काहीच अर्थ नाही. आणि आकडा वाईट आहे म्हणून ऑपरेशन सोडून द्यायचं, असं तर कुठंच कुणी म्हटलेलं नाही. ज्याचा आकडा वाईट त्याच्याकडे उलट जास्त लक्ष द्यायचं. एवढ्यात पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. त्यांना ते जांभळे दाणे पहिल्या नजरेत दिसले होते.

वेळ गेली का, असं मी विचारलं. अजून हातात आहे, पण फार नाही, मॅडम म्हणाल्या.

तिथून ऑटो करून वलगावला गेलो. बाई ओसरीत भाजी निवडत होती, पुन्हा मांडी घालून, पायांवर तीच शाल. मी चपला काढायच्या आधी म्हणालो, बाई, तुले कुठं लागलं का? मी शालीला हात घातला तर तिनं पाय आत ओढला. शेवटी भाऊजी ओरडले तेव्हा तिनं उजवी टाच पुढं केली. जुन्या लुगड्याची चिंधी सोडली आणि वास आला.

वाणाच्या आठवडाभर आधी ती शेतात गेली होती, गाठ आकसल्याच्या आनंदात. तुरीचा खुंट चपलेतून टाचेत घुसला. आमच्याकडे काटा, खुंट, भेग, सगळ्यावर बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल उकळून थेंब थेंब पडू लागलं की जखमेवर चटका द्यायचा. तिनं स्वतःच दिला. वरची कातडी भाजून बंद झाली आणि खुंटाचा तुकडा आतच राहिला. त्याभोवती महिनाभर पू धरत होता.

"सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

"सांगतलं असतं त मॅडमनं तारीख लांबवली असती. मले लांबवाची नोती." मग टाचेकडे पाहत म्हणाली, "लांबलीच थे लांबलीच."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला टाच चिरली, बोटाच्या पेराएवढा तुकडा निघाला. दहा दिवस मलमपट्टी आणि गोळ्या. रक्त दवाखान्यातच तपासलं. भागाकार तीनच्या खाली आला होता. तो मॅडमनीच मला सांगितला, मी विचारला नव्हता. ऑपरेशन पहिल्या तारखेपासून जवळपास पाच आठवड्यांनी ठरलं. त्यातले दहा दिवस टाचेचे. बाकीचे माझे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात सही घ्यायला मॅडम स्वतः आल्या. काय काढणार, काय जोडणार, काय बिघडू शकतं, सगळं त्यांनी सांगितलं. बाईनं शांतपणे ऐकलं आणि पेन हातात घेऊन थांबली.

"एक मिनिट. आधी माहा भाऊ काय म्हनते थे पाहू. त्याले रक्तातलं समजते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्या पाच मिनिटांत येते म्हणून बाहेर गेल्या. भाऊजी खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी खाटेच्या कडेला बसलो आणि बाईला सांगितलं. मॅडम कुठंच गेल्या नव्हत्या. मी शेतात जाऊन भाऊजींना काय म्हणालो. आकडा किती आला, त्याचा मी काय अर्थ लावला, काय पाहूनही पाहिलं नाही. तीन रविवार मी का आलो नाही. तिच्या बाजूनं, माझ्या बाजूनं असं काही न करता जसं झालं तसं सांगितलं.

"म्हंजे तुले वाटलं का मी वाचत नाही," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"अन् मले नाही इचारलं."

मी मान हलवली.

"दोघायनं बसून ठरवलं. बांधावर."

खिडकीपाशी उभे असलेले भाऊजी म्हणाले, "चूक झाली." तिनं तिकडं पाहिलंही नाही.

"मी तुमाले टाच नाही दाखवली, थे खरं हाये. पन टाच माही होती. तारीख बी माहीच होती. थे तुमी कायले लपवली?"

मी एवढंच म्हणालो, की सही करायची की नाही हे मला विचारू नको, माझ्या शब्दाला आता तेवढी किंमत नाही. मॅडमला विचार, किती वेळा विचारायचं तितक्या वेळा विचार. मॅडम परत आल्या तेव्हा तिनं त्यांना खरंच विचारलं. पाच आठवडे उशीर झाला त्यानं किती बिघडलं? नक्की सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. पोट उघडल्यावर कळेल. पण माझ्या मते करण्यासारखं आहे. बाईनं सही केली. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं आणि गोल. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचंही, नवऱ्याचंही, आणि पेन माझ्याकडे न देता मॅडमकडे दिला.

ऑपरेशनला पाच तास लागले. ते तास मी इथं लिहीत नाही. संध्याकाळी मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, जेवढं दिसलं तेवढं सगळं निघालं. भाऊजी जिन्यावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

काढलेल्या पोटाचा तपासणी रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. तोवर बाईला घरी आणलं होतं. लिफाफा मीच आणला, कारण दवाखान्यातून त्या दिवशी मीच येणार होतो. सत्तावीस वर्षांत मी हातात आलेला रिपोर्ट न पाहता कुणाला दिलेला नाही. वाटेतच डोळा फिरतो. हा मी उघडला नाही. वलगावला जाऊन बंद लिफाफा बाईच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट पाहिला, फाडला, आतला कागद उलगडला. इंग्रजी होता. माझ्यापुढे धरला.

"वाच. पन जसं हाये तसं. गोड करू नको अन् कडू बी करू नको."

मी एकेक ओळ वाचली आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. गाठ कुठवर गेली होती. काढलेल्या कडांना कॅन्सर नाही. सोबत काढलेल्या बारीक ग्रंथी तीसच्या वर, त्यांतल्या दोनांत आहे. ही ओळही जशी होती तशीच सांगितली.

"दोनामधी हाये म्हंजे कसं?" तिनं विचारलं.

याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी वाचलेलं होतं, किती ग्रंथी म्हणजे कुठली पायरी, सगळं.

"मले नाही सांगता येत, बाई. मॅडमले विचारू."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच अशी पाहत होती. "बरं," म्हणाली.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट आशा ठेवावी असाच आहे. त्या दोन ग्रंथींसाठीच तर पुढची इंजेक्शनं आहेत, ती पूर्ण करायची. बाईच्या देखत मी त्यांना विचारलं, की माझ्या त्या तीन आठवड्यांमुळे दोन ग्रंथी झाल्या का? कुणालाच कळणार नाही, त्या म्हणाल्या, तुम्हालाही नाही, मलाही नाही. ते तसंच घेऊन मी आजवर चाललो आहे. कुणी खात्रीनं "नाही" म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, पण मग ते खोटं असतं.

पुढची इंजेक्शनं घ्यायची की नाही हे बाईनं तिथंच ठरवलं. आम्हा दोघांकडे वळूनही पाहिलं नाही. घेणार, म्हणाली, आणि तारखा स्वतःच्या फोनमध्ये टाकून घेतल्या. जिना उतरताना एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरला.

"आता माहं रक्त इथंच घेतीन. यायच्या मशीनवर."

"हो, बाई."

"तू रविवारी सुया घेऊन येऊ नको."

मी बरं म्हणालो. ते मला पटलंच होतं. दोन पायऱ्या उतरून ती थांबली, दम घेतला.

"जेवाले ये," म्हणाली.

त्या रविवारी मी रिकाम्या हातानं गेलो. हात कुठं ठेवावेत ते सुचत नव्हतं. भाऊजींनी ज्वारीच्या कण्या शिजवल्या होत्या, तिच्यासाठी मऊ, ताकात कालवून. माझ्यापुढे वांग्याची भाजी आणि भाकरी आली. बाई चमचाभर खायची, थांबायची, पोटावर हात ठेवून आत काय चाललंय ते ऐकल्यासारखं करायची, मग दुसरा चमचा. मी तिच्याकडे पाहत बसलो होतो. ती म्हणाली, मला काय पाहून राहिला, तुझी भाजी निवते. मी जेवायला लागलो. टाच कशी आहे ते विचारलं, झोप लागते का विचारलं, पाणी पिताना दुखतं का विचारलं. प्रत्येकाचं उत्तर तिनं दिलं, काहींचं वैतागून. वाटी रिकामी व्हायला अर्धा तास लागला. भाऊजी ती उचलायला वाकले, तर तिनं वाटीवर हात ठेवला.

"कुठं नेता? आनखी चमचाभर वाढा."